चाकाच्या फेऱ्या मोजणारा एन्कोडर : त्याच्या तारांतील दोष व त्यांची परीक्षा

'फर्स्ट टेक चॅलेंज' ही विद्यार्थ्यांची रोबो-स्पर्धा अमेरिकेत सुरू झाली असून भारतासह अनेक देशांतील विद्यार्थी तीत भाग घेतात. सामन्याचे मैदान बारा फूट लांब व तितकेच रुंद असते. सामन्याच्या पहिल्या ३० सेकंदांत विद्यार्थ्यांनी रोबो चालवावयाचा नसतो. अगोदर लिहून ठेवलेल्या आज्ञावलीनुसार त्याने स्वतःच चालावयाचे असते. अशा वेळी सरळ जावयाचा रोबो एकाएकी गरगर फिरू लागतो किंवा भिंतीवर जाऊन आदळतो. विद्यार्थी आज्ञावलीत चूक शोधू लागतात. परंतु पुष्कळदा दोष एखाद्या बारीक तारेच्या सैल जोडणीत असतो. तो ओळखण्याची पद्धत अवघड नाही, मात्र ती क्रमाने अवलंबिली पाहिजे.

१. एन्कोडरची रचना

मोटरीचा आस किती फिरला हे मोजणाऱ्या उपकरणास एन्कोडर म्हणतात. या स्पर्धेतील अनेक मोटरींमध्ये आसाच्या मागील टोकावर एक लहान चुंबक-चकती बसविलेली असते. तिच्याजवळ चुंबकत्व ओळखणारे दोन संवेदक असतात. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधून काढलेल्या परिणामावर त्यांचे कार्य चालते. आस फिरू लागला की प्रत्येक संवेदकाचा विद्युत्-संकेत आळीपाळीने चढतो व उतरतो. या संकेतांना 'अ' आणि 'ब' म्हणू.

एका फेरीत प्रत्येक संवेदक ७ स्पंद देतो. दोन्ही संकेतांचे चढ व उतार मिळून एका स्पंदात चार बदल होतात. म्हणून एका फेरीस २८ ही मोजणी येते. दोन संकेत मुद्दाम थोडे मागेपुढे ठेवलेले असतात. 'अ' आधी बदलला तर एक दिशा आणि 'ब' आधी बदलला तर उलट दिशा, असे नियंत्रकाला कळते.

समजा, मोटरीच्या २० फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. मग चाकाच्या एका फेरीस २८ × २० = ५६० ही मोजणी येईल. चाकाचा व्यास १० सेंटिमीटर असल्यास परिघ सुमारे ३१.४ सेंटिमीटर होतो. अर्थात एक मीटर जाण्यास सुमारे १७८३ मोजणी लागेल.

२. चार तारा

एन्कोडरपासून चार तारा निघतात. एक संवेदकांना विद्युद्दाब पुरविते, दुसरी शून्य दाबाची असते आणि उरलेल्या दोन 'अ' व 'ब' हे संकेत वाहून नेतात. कंट्रोल हब या नियंत्रकावर हा दाब ३.३ व्होल्ट असतो. मोटर मात्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मोटरीची शक्ती वाहणाऱ्या तारा आणि एन्कोडरच्या तारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. म्हणूनच मोटर उत्तम फिरत असूनही मोजणी बंद असू शकते.

३. हाताने करावयाची परीक्षा

रोबोची चाके जमिनीपासून उचलून धरावीत. नियंत्रक चालू ठेवावा, पण मोटरीस शक्ती देऊ नये. चाक हाताने सावकाश दहा वेळा फिरवावे आणि पडद्यावरील आकडा पाहावा. वरील उदाहरणात तो ५६०० च्या आसपास आला पाहिजे. तसा न आल्यास पुढील लक्षणे पाहावीत.

(अ) आकडा हलतच नाही : दाबाची किंवा शून्य दाबाची तार तुटली असावी, अथवा प्लग पुरता बसला नसावा.

(आ) आकडा एकाच ठिकाणी एकाने वाढतो व एकानेच घटतो : 'अ' किंवा 'ब' यांपैकी एक संकेत पोहोचत नाही. एकट्या संकेताचा चढ पुढे गेल्यासारखा आणि उतार मागे आल्यासारखा मोजला जातो.

(इ) दुसऱ्याच मोटरीचा आकडा बदलतो : प्लग चुकीच्या खोबणीत आहे. कंट्रोल हबवर मोटरीच्या खोबणींना ० ते ३ असे क्रमांक आहेत. एन्कोडरची तार त्याच क्रमांकाच्या खोबणीत हवी.

(ई) तार हलविताच मोजणी थांबते : जोडणी सैल आहे किंवा तार आतून तुटली आहे.

यानंतर एन्कोडरचा उपयोग न करता मोटरीस अगदी थोडी पुढची गती द्यावी. आकडा वाढण्याऐवजी घटू लागला, तर 'अ' व 'ब' यांची किंवा मोटरीच्या दोन शक्ति-तारांची अदलाबदल झाली आहे. हा दोष सर्वांत फसवा होय. नियंत्रकाला अंतर कमी होण्याऐवजी वाढत असल्याचे भासते. तो अधिकाधिक शक्ती देतो आणि मोटर बेफाम धावते. आज्ञावलीत दिशा उलट केल्याने हा दोष जात नाही, कारण त्यायोगे गती व मोजणी या दोहोंचे चिन्ह एकदमच बदलते. तार दुरुस्त करणे हाच उपाय होय.

४. दोषाचे स्थान

संशयित तार काढून तिच्या जागी चांगल्या मोटरीची तार लावावी. दोष नाहीसा झाला तर तार वाईट; न झाला तर तीच मोटर दुसऱ्या खोबणीला जोडून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास दोष गेला तरी तो कोठे होता हे कळत नाही, आणि पुढच्या सामन्यात तोच दोष पुन्हा उभा राहतो. मल्टिमीटरने तारेची अखंडता तपासताना बॅटरी अलग करावी. दुरुस्तीनंतर तार थोडी सैल ठेवून बांधावी, म्हणजे धक्क्याने प्लग ओढला जाणार नाही.

आज्ञावली कितीही निर्दोष असली, तरी तिला जगाची वार्ता या चार तारांतूनच मिळते. वार्ता खोटी असेल, तर तिच्यावर आधारलेला निर्णयही खोटा ठरतो. म्हणून आज्ञावलीचा एकही शब्द बदलण्यापूर्वी चाक हाताने फिरवून पाहावे.

प्रश्न व प्रयोग

१. वरील रोबोस दीड मीटर जाण्यास किती मोजणी लागेल?
२. 'अ' व 'ब' या तारा आणि मोटरीच्या शक्ति-तारा अशा दोन्ही जोड्या उलट झाल्या, तर मोटर बेफाम धावेल काय? कारण सांगा.
३. एका चाकाचा एन्कोडर बंद असताना रोबो सरळ न जाता का वळतो, ते आकृती काढून दाखवा.