खडीच्या वाटेवर बारीक टायरची सायकल

आपल्या वस्त्यांमधल्या अनेक मुलांकडे, आता मुलींकडेही, वाकड्या हँडलची आणि बारीक टायरची सायकल दिसते. कुणी ती सेकंड हँड घेतलेली असते, कुणाला कामाच्या ठिकाणी स्वस्तात मिळालेली असते. दुकानदार तिला रोड बाइक म्हणतात, आपण रेसर म्हणतो. दहिसर, बोरिवली, कांदिवलीकडच्या वस्त्यांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळ आहे. सुटीच्या सकाळी चार-पाच जण मिळून सायकलने कान्हेरीला जातात. ही सवय चांगलीच आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असताना सायकलसारखा स्वस्त व्यायाम दुसरा नाही.

पण ही सायकल गुळगुळीत डांबरासाठी बनवलेली आहे. जंगलातला रस्ता तसा नसतो. बोरिवलीच्या दरवाजापासून कान्हेरी साधारण सहा किलोमीटर आहे. रस्ता डांबरी आहे आणि शेवटी चढ आहे. तरी पावसाळ्यानंतर कोणत्याही जंगलरस्त्याच्या कडेला सुटी खडी जमते, वळणावर माती वाहून येते, डांबर उखडते. दुसरीकडे गेलात तर कच्ची वाटच लागते. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पर्यटक भाड्याच्या सायकलीवर फिरतात. तिथे मधला रस्ता पक्का आहे, पण पाण्याकाठच्या बाजूच्या वाटा कच्च्या आहेत. अशा ठिकाणी रेसर चालवता येते. मात्र चालवायची पद्धत बदलावी लागते, आणि पडलो तर काय करायचे हे आधी माहीत असावे लागते. आजचा पाठ या दोन गोष्टींचा आहे.

खडीवर चाक का सरकते?

रेसरचा टायर साधारण २३ ते २८ मिलिमीटर रुंद असतो आणि त्यात हवा ठासून भरलेली असते. त्यामुळे प्रत्येक चाक जमिनीला जेमतेम अंगठ्याच्या ठशाएवढ्या जागेवर टेकते. तुमचे सगळे वजन अशा दोन ठशांवर असते. डांबरावर एवढे पुरते. सुट्या खडीवर मात्र टायरखालचा दगडच गोल फिरतो आणि दगडासोबत चाकही जाते.

आपल्याकडची खडी म्हणजे काळा दगड फोडून केलेले टोकदार तुकडे. ती दाबून बसलेली असेल तर एकमेकांत अडकून पक्की राहते. तीच वर सैल पडलेली असेल तर धोका. मुरमाची वाट दाबलेली आणि कोरडी असेल तर बारीक टायरलाही चालते, ओली झाली की निसरडी होते. म्हणून वाटेवर आधी नजर टाका. गाड्यांच्या चाकांनी दाबलेला पट्टा सर्वांत घट्ट असतो, त्यातून चला. दोन पट्ट्यांच्या मधे आणि कडेला सैल खडीचे वरंबे असतात, तिकडे जाऊ नका.

निघण्यापूर्वी

हवा थोडी कमी करा. टायरच्या बाजूला जास्तीत जास्त किती हवा चालते, तो आकडा पीएसआयमध्ये छापलेला असतो. काही टायरवर कमीत कमीचाही आकडा असतो. डांबरावर तुम्ही जेवढी हवा ठेवता त्यापेक्षा १० ते १५ पीएसआय कमी ठेवली तर टायर थोडा पसरतो, पकड वाढते आणि हातांना बसणारे हादरे कमी होतात. छापलेल्या कमी आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका. हवा फार कमी असली की दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात.

टायर बदलायची वेळ आली असेल तर दुकानदाराला विचारा की या फ्रेममध्ये आणखी रुंद टायर बसतो का. २३ च्या जागी २८ बसला तरी फरक जाणवतो. फ्रेम आणि ब्रेकला टायर घासत नाही ना, हे चाक फिरवून पाहा.

हेल्मेट घाला. ओढणी घट्ट बांधा, सलवारीचा किंवा पँटचा पाय साखळीच्या बाजूला दुमडून रबर लावा. पाण्याची बाटली घ्या. एक स्वच्छ सुती कापड, गॉजचे पाकीट, चिकटपट्टी आणि साबणाचा तुकडा एका पिशवीत ठेवा.

चालवताना

हँडल घट्ट आवळू नका. भीती वाटली की हात आपोआप ताठ होतात आणि तिथेच चूक होते. कोपर किंचित वाकलेले ठेवा, बोटे सैल ठेवा. पुढचे चाक थोडे डगमगेल, त्याला डगमगू द्या. ताठ हातांनी ते दाबून धरले तर ते एकदम सटकते.

खडबडीत पट्टा आला की दोन्ही पेडल एका पातळीत आणा आणि सीटवरून अंग किंचित उचला. वजन पायांवर घ्या. नजर चाकापुढे नको, पाच-सहा मीटर पुढे हवी. चढावर मात्र सीटवर बसून हलक्या गिअरने चढा. उभे राहिलात तर मागच्या चाकावरचे वजन कमी होते आणि ते जागीच फिरते.

पडण्याची खरी जागा उतार आहे. येताना दमलेलो असतो, घरी जायची घाई असते, सायकल आपोआप पळते. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. दोन्ही ब्रेक हलके हलके दाबा. मागचे चाक घसरले तर बहुधा सावरता येते. पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून खडीवर पुढचा ब्रेक कधीही झटक्याने दाबू नये. पट्टा फारच सैल दिसला तर उतरा आणि सायकल हाताने न्या. त्यात कसलाही कमीपणा नाही.

राष्ट्रीय उद्यान हे प्राण्यांचे घर आहे. बोरिवलीच्या जंगलात बिबटे आहेत. दिलेल्या वेळेतच आत जा, अंधार पडण्याआधी बाहेर या, लहान मुलांना मागे एकटे सोडू नका आणि परवानगी नसलेल्या पायवाटांवर शिरू नका. माकडांसमोर खाऊ काढू नका. माकड चावले किंवा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी रुग्णालयात जा.

बोटांना मुंग्या येत असतील तर

खडीचे हादरे हँडलमधून तळहातात येतात. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने एक नस जाते. ती दबली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. अंगठा आणि पहिली दोन बोटे बधिर झाली तर मनगटाच्या मधली नस दबलेली असते. हाताची जागा दर काही मिनिटांनी बदला, जाड हातमोजे वापरा, मनगट वाकवून ठेवू नका. विसावा घेतल्यावर हे थांबायला हवे. दोन-तीन दिवसांनीही बधिरपणा राहिला, कप हातातून निसटू लागला, बटण लावता येईना, तर डॉक्टरांना दाखवा. शिवणकाम किंवा पॅकिंग करणाऱ्यांनी तर हे अंगावर काढू नये, त्यांची रोजीरोटी हातावर आहे.

सीटमुळे जांघेत बधिरपणा येणे स्त्री-पुरुष दोघांनाही होते. सांगायला लाज वाटते म्हणून ते लपवले जाते. सीट समतल करा, दर दहा मिनिटांनी पेडलवर उभे राहून थोडा आराम द्या.

पडल्यावर पहिला तास

ड्रेसिंगच्या खोलीत काम करताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. खरचटलेली जखम पडल्याने जेवढी बिघडते, त्याहून जास्त घरगुती लेपांनी बिघडते. हळद, चहापत्ती, टूथपेस्ट, चुना, माती, यांपैकी काहीही जखमेवर लावू नका. असा लेप धूळ आत बंद करतो आणि नंतर सोलून काढताना नवी कातडी निघते.

आधी आपले हात धुवा. मग पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार जखमेवर पाच ते दहा मिनिटे धरा. साबण भोवतीच्या कातडीला लावा. वर दिसणारे खडे भिजवलेल्या गॉजने हळूच काढा. खोल रुतलेला खडा उकरू नका, तो दवाखान्यात काढतील. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटे सलग दाबून धरा, मधेमधे उचलून पाहू नका. नंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन गॉज बांधा. जखम उघडी ठेवून सुकवावी हा समज जुना झाला. झाकलेली, किंचित ओलसर जखम लवकर भरते. लाली पसरू लागली, पू किंवा वास आला, ताप आला, तर थांबू नका. मधुमेह असलेल्यांनी पहिल्याच दिवशी दाखवावे.

आता धनुर्वाताबद्दल. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, म्हणजे खडीच्या वाटेवरही असतात. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस द्यायची असते. बायकांना ती गरोदरपणी मिळते. पुरुषांना मात्र सोळा वर्षांनंतर कुणी विचारत नाही, आणि सायकलवरून पडणारे बहुतेक तेच. माती गेलेली जखम असेल आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी लागते. लहानपणीचे डोस झाले की नाही हे माहीत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा. तेव्हा लशीसोबत वेगळे इंजेक्शनही लागू शकते.

मुरगळले म्हणून सोडू नका

पडताना माणूस हात पुढे टेकतो. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा दिसतो. त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर आतले स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडलेले असू शकते. सूज थोडी असते, बोटे हलतात, म्हणून लोक मालिश करून घेतात. हे हाड लवकर जुळत नाही आणि दुर्लक्ष झाले तर मनगट कायमचे दुखते. पहिल्या एक्स-रेमध्ये ते मोडलेले दिसत नाही असेही होते. दुखणे टिकले तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगा. तोपर्यंत मालिश नको, हात आधार देऊन बांधून ठेवा.

मुलाच्या पोटात हँडलचे टोक लागले असेल तर वरून छोटा वण दिसतो, पण आत यकृताला किंवा प्लीहेला मार बसलेला असू शकतो. पोट दुखत राहिले, उलटी झाली, मूल फिके पडले तर लगेच रुग्णालयात न्या.

डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणे, झटके, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर १०८ ला फोन करा. मानही दुखत असेल तर माणसाला उठवून बसवू नका.

घरी करायचा अभ्यास

या आठवड्यात तीन गोष्टी करा. घरातल्या प्रत्येकाने शेवटची टीडी कधी घेतली ते विचारून एका वहीत लिहा. ज्याला आठवत नाही त्याला जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात न्या. सायकलच्या टायरवरचा आकडा वाचायला मुलांना शिकवा. आणि वर सांगितलेली पिशवी तयार करून ती सायकलला बांधा. घरात ठेवलेली पिशवी जंगलात उपयोगी पडत नाही.