फवारणीची टोपी: जोडलेली की सुटी?



काजूला मोहोर आला की ढेकण्याच्या बंदोबस्तासाठी आपण फवारणी करतो. नळी वर धरावी लागते, त्यामुळे औषधाचे थेंब आपल्याच डोक्या-मानेवर पडतात. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या पॅराथिऑनवरील प्रयोगात हाताच्या कोपर ते मनगट या भागाच्या मानाने डोक्याच्या कातडीने तिपटीहून अधिक विष शोषल्याचे आढळले. म्हणून टोपी हवीच.

झाडावर फवारताना अंगरख्याला जोडलेली टोपी आम्ही चांगली समजतो, कारण मानेशी फट राहत नाही. मात्र मान वळली की टोपीही वळली पाहिजे, नाहीतर बाजूचे दिसत नाही. मिरची-वांग्यासारख्या बुटक्या पिकाला सुटी टोपी चालते, उकाडाही कमी होतो. तिची मागची झालर कॉलरच्या आत न खोचता वरून सोडावी. कौलावर कौल असते तसा थेंब मग बाहेरच ओघळतो.

टोपी भिजली तर लगेच बदलावी. काम संपताच ती घरच्या कपड्यांपासून वेगळी धुवावी व साबण लावून अंघोळ करावी. डोके दुखू लागले, मळमळले, तर फवारणी थांबवून औषधाचे लेबल बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. मोहोर पुढल्या वर्षीही येईल. परमेश्वराने दिलेला देह मात्र एकच आहे.