गवताळ कुरणांचा ऱ्हास आणि जमिनीचा श्वास

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात सह्याद्रीचे उतार व भरपूर पाऊस, तर पूर्वेकडे कमी पावसाचे माळ आहेत. दोन्हीकडे गुरांना डोंगरावरील व माळावरील गवताचा मोठा आधार असतो. पवन्या, शेडा, मारवेल ही बहुवर्षायु गवते विरळ होऊन त्यांच्या जागी कुसळी व अल्पायु तणे वाढू लागली, की कुरण खालावले असे समजावे. अशा वेळी वैरण तर घटतेच, शिवाय जमिनीतील कर्बाचा साठाही कमी होतो.

वनस्पतींची मुळे व मातीतील सूक्ष्म जीव श्वसन करून कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर टाकतात. यास मृदाश्वसन म्हणतात. गवताची वाळलेली पाने व मुळे ही जमिनीची जमा होय, आणि सूक्ष्म जीवांकडून होणारे त्यांचे विघटन हा खर्च होय. जमा अधिक असेल तर कर्ब साठतो.

अतिचराईने जमीन उघडी पडली, की नवी मुळे कमी तयार होतात व जमा घटते. उघडी माती उन्हाने तापते आणि ओल असेपर्यंत जुन्या सेंद्रिय द्रव्याचे विघटन वेगाने होते. पुढे अन्नच संपत आल्यामुळे श्वसन मंदावते. यावरून कर्ब वाचला असे मानणे चुकीचे ठरेल. घरात धान्य नाही म्हणून चूल पेटली नाही, तर त्यास कोणी काटकसर म्हणत नाही.

पावसाने वाहून जाणाऱ्या मातीबरोबर वरच्या थरातील कर्बही जातो. हीच माती पुढे डिंभे व माणिकडोहसारख्या जलाशयांत गाळ म्हणून साचते.

हे नुकसान किती मोठे असते, ते हिशेबाने पाहावे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्बाचे प्रमाण ०.६ टक्क्यावरून ०.४ टक्क्यावर आले, तर हेक्टरी ४,००० किलो कर्ब नाहीसा झाला असे होते.

मृदाश्वसनाची कल्पना येण्यासाठी एक सोपा प्रयोग करता येतो. पावसाळ्यात चांगल्या कुरणात व उजाड माळावर थोडी जागा खुरपून घ्यावी. दोन्ही ठिकाणी चुन्याची निवळी भरलेली सारखी वाटी ठेवून त्यावर सारखेच पातेले पालथे घालावे व काठ मातीत दाबावा. ठरावीक वेळाने पाहावे. जेथे श्वसन अधिक, तेथील निवळीवर पांढरी साय अधिक धरते.

सुधारणेसाठी पुढील उपाय योजावेत :

१. गावाने कुरणाचे चार भाग पाडून आळीपाळीने चराई करावी. दरवर्षी एक भाग बी गळून पडेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा.

२. वैरणीसाठी गवत फुलोऱ्यात असताना कापावे. बुडखे उपटू नयेत.

३. वणवा लावू नये व जाळरेषा वेळेवर काढाव्यात. भाताच्या राबासाठी गवत व पालापाचोळा जाळण्याऐवजी शेणखत घालून गादीवाफ्यावर रोपे तयार करावीत.

४. उतारावर समतल चर काढावेत. उजाड जागी मारवेल व स्टायलो यांचे बी पहिल्या पावसाबरोबर पेरावे.

गेलेला कर्ब एका पावसाळ्यात भरून येत नाही. त्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून जे कुरण अद्याप चांगले आहे, त्याचे रक्षण प्रथम करावे.