उघडलेल्या बाटल्यांविषयी

चि. भाचीस,


डब्लिनमधल्या घरात बाळ रांगू लागलं आणि फडताळात डेटॉल, सॅव्हलॉन, शिवाय इथून नेलेलं बेटाडिन जमलं आहे, असं ताई सांगत होती. हे पत्र त्या बाटल्यांसाठी.

तुझ्या शहराचं या विषयाशी जुनं नातं आहे. 1745 साली सुरू झालेल्या रोटुंडा प्रसूतिगृहात बाळंतज्वराने बायका दगावत. 1829 मध्ये तिथले प्रमुख डॉ. रॉबर्ट कॉलिन्स यांनी एकेक वॉर्ड रिकामा करून, दारं-खिडक्या बंद करून, 48 तास क्लोरीन वायू कोंडला. मग जमिनीला आणि लाकूडकामाला क्लोरिनेटेड चुन्याचा लेप दिला, भिंतींना ताजी सफेदी केली. 1833 मध्ये त्यांची मुदत संपेपर्यंत या तापाने एकही बाई गेली नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने इतर डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले ते त्यानंतर, 1847 मध्ये.

पण जंतू मारणाऱ्या बाटलीत जंतू वाढूच शकत नाहीत, हा समज खोटा आहे. 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत अनेकांच्या रक्ततपासणीत एकच जिवाणू सापडू लागला. शोध घेतल्यावर कळलं, की तो रक्तात नव्हताच; सुई टोचण्याआधी कातडीला लावलेल्या पोव्हिडोन-आयोडिनमध्ये होता. बेटाडिनमधलं औषध तेच. ते कारखान्यातूनच दूषित आलं होतं. मग घरी वारंवार उघडलेल्या बाटलीची काळजी किती घ्यायला हवी!

सगळ्यांत कच्ची कडी म्हणजे पाणी घालून ठेवलेलं औषध. मूळ औषधाची ताकद पाण्याने उतरते आणि उरलेल्यात चिवट जिवाणू तग धरतात. म्हणून लेबलावरच्या प्रमाणात, लागेल तेवढंच मिसळावं आणि उरलेलं त्याच दिवशी टाकावं. वापरलेला कापूस बाटलीच्या तोंडाला लावू नये. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहावी; उघडल्यानंतरची मुदत लेबलावर असेल तर ती पाळावी, छापील अंतिम तारीख तर कधीच ओलांडू नये.

आयरिश घरांत गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, त्याला तिथे ‘हॉट प्रेस’ म्हणतात. टॉवेलांना ती जागा उत्तम, औषधांना नाही. बाटली थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी आणि बाळाचा हात न पोहोचणाऱ्या उंचीवर हवी, आणि औषध त्याच्या मूळ बाटलीतच. सरबताच्या रिकाम्या बाटलीत डेटॉल ओतून ठेवण्याची आपल्याकडची सवय तर आजच मोडावी.

सॅव्हलॉनमधलं क्लोरहेक्सिडिन साबणाच्या अंशाने निकामी होतं, म्हणून आधी साबण पूर्ण धुऊन काढावा. ते डोळ्यात किंवा कानात जाऊ देऊ नये. तान्ह्याला बेटाडिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आयोडिन कातडीतून शोषलं जाऊन थायरॉइडला त्रास देऊ शकतं. शेजारची मांजर घरात येत असेल, तर डेटॉलने पुसलेली फरशी सुकेपर्यंत तिला बाहेर ठेव. साध्या खरचटण्याला मात्र नळाचं वाहतं पाणी आणि स्वच्छ पट्टी पुरते.

खरेदीतही डोळे उघडे हवेत. ऑक्टोबर 2020 मध्ये विराप्रो या हँड सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल आढळलं आणि आयर्लंडमधल्या शाळांना तो तातडीने बाजूला ठेवायला सांगितलं गेलं. हा इशारा आला शेती खात्याकडून, कारण सॅनिटायझरसारख्या जंतुनाशकांची नोंदणी तिथे तेच खातं करतं. अशा बाटलीवर नोंदणीचा पीसीएस क्रमांक आहे ना, ते बघ. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचं नियमन वेगळ्या संस्थेकडे आहे. मुदत संपलेलं बेटाडिन सिंकमध्ये ओतू नकोस, फार्मसीत विचारून तिथे दे.

बाळाने घोट घेतलाच, तर उलटी करवू नकोस. बोमाँट रुग्णालयातल्या विषमाहिती केंद्राची जनतेसाठीची लाइन सकाळी 8 ते रात्री 10 चालू असते: 01 809 2166. श्वास अडला किंवा शुद्ध हरपली तर थेट 112. दोन्ही क्रमांक फडताळाच्या दाराला चिकटव आणि जावईबापूंनाही दाखव.

तुझा,
मामा