मेळघाटचा प्रश्न घेऊन परिषदेला

ऑगस्ट उजाडला की शिक्षणशास्त्रातले तरुण संशोधक विचारू लागतात, "मॅडम, यंदा सीआयईएसला पाठवून बघू का?" सीआयईएस म्हणजे कम्पॅरेटिव्ह अँड इंटरनॅशनल एज्युकेशन सोसायटी. 1956 साली अमेरिकेत स्थापन झालेली ही संस्था दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास मोठी परिषद भरवते. 2018ला ती मेक्सिको सिटीत होती, 2019ला सॅन फ्रान्सिस्कोत, 2024ला मायामीत, 2025ला शिकागोत. मी मेळघाटातल्या कोरकू मुलांच्या पहिली-दुसरीच्या वर्गांवर काम करते. या परिषदेला जात आले, तिच्यासाठी आलेले प्रस्ताव तपासत आले आणि इकडे भारतात वार्षिक परिषदांच्या आयोजनातही राबले. माझं ठाम मत असं की, इथून जाणाऱ्याने आपला प्रश्न बरोबर न्यावा आणि त्याच प्रश्नाशी झुंजणारी दुसऱ्या देशातली माणसं गाठावीत. बाकीची सगळी तयारी त्यासाठीच.

1. मार्च महिना आधीच मोकळा करून ठेवा

प्रस्ताव पावसाळ्याच्या शेवटाकडे जातो, निकाल दिवाळीनंतर कधीतरी कळतो आणि परिषद येते ती नेमकी आपल्या परीक्षांच्या आणि आर्थिक वर्षअखेरीच्या तोंडावर. प्राचार्यांना पत्र, विद्यापीठाची एनओसी, कर्तव्य रजा, आपल्या जागी पर्यवेक्षणाला कोण जाणार, हे सगळं प्रस्ताव पाठवतानाच बोलून ठेवावं. निवड झाल्यावर धावाधाव करणाऱ्यांचा निम्मा जीव कार्यालयाच्या खेपांत जातो आणि पेपरावर काम करायला वेळ उरत नाही.

2. गोषवाऱ्यात गाव दिसू द्या

प्रस्ताव तपासताना लेखकाचं नाव समोर नसतं. समोर असतात ते फक्त त्याचे शब्द. भारतातून येणारे कितीतरी प्रस्ताव राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 पासून सुरू होतात, दोन परिच्छेद धोरणाचीच कलमं सांगतात आणि प्रत्यक्ष शाळा शेवटच्या ओळीत येते, तीही "ग्रामीण महाराष्ट्रातील निवडक शाळा" अशी. त्या निवडक शाळांत आमच्या लोकांनी महिनोन्महिने घालवलेले असतात, हे मला माहीत असतं. म्हणून ते वाचताना फार वाईट वाटतं.

लिमाच्या किंवा नैरोबीच्या समीक्षकाला अमरावती जिल्हा ठाऊक नसतो. त्याला सांगायला हवं की, धारणी-चिखलदऱ्यातल्या बऱ्याच पाड्यांवर मूल घरी कोरकू बोलतं. कोरकू मुंडा कुळातली, मराठीपासून पार वेगळी. शाळेत पुस्तक मराठी आणि गुरुजी बहुधा बाहेरगावचे. एवढं चार ओळींत आलं की वाचणारा सरसावून बसतो, कारण त्याच्या देशातही असा वर्ग असतो. मग आपण काय पाहिलं, किती वर्गांत, कसं नोंदवलं, हे लिहावं. धोरणाला एक वाक्य पुरतं: मुलाला निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवावं, असं ते म्हणतं. आपला अभ्यास या वाक्याची वर्गात काय अवस्था आहे ते दाखवतो.

3. व्हिसाचा अर्ज पेपराच्या आधी

2022-23 मध्ये अमेरिकेच्या बी-1/बी-2 व्हिसाच्या मुलाखतीसाठी भारतातल्या काही शहरांत वर्षाहून जास्त थांबावं लागत होतं. तेव्हा परिषदेची निवड-पत्रं हातात असलेले अनेक लोक घरीच राहिले. त्यामुळे निवडीचं पत्र येताच, शक्य असेल तर त्याआधीच, डीएस-160 भरून तारीख घ्यावी. निमंत्रणपत्र आयोजकांकडून आपणहून मागून घ्यावं. मुलाखतीत आपला विषय दोन साध्या वाक्यांत सांगता यावा. ती दोन वाक्यं तयार करताना आपला विषय आपल्यालाच स्पष्ट होतो, हाही फायदा.

4. पैसा

आयसीएसएसआर, विद्यापीठाचा प्रवास निधी, परिषदेची स्वतःची अनुदानं. तिन्ही ठिकाणी अर्ज करावा आणि नोंदणी शुल्कात सवलत आहे का, हे लाज न बाळगता विचारावं. मुक्कामाला खोली वाटून घ्यावी. शक्यतो दुसऱ्या देशातल्या कुणाबरोबर.

5. पॅनेल स्वतः बांधा

सुटा पेपर पाठवला की आयोजक त्याला जिथे जागा मिळेल तिथे बसवतात. मग कोरकूवरचा निबंध कुठल्यातरी विद्यापीठाच्या क्रमवारीवरच्या निबंधाशेजारी येतो आणि ऐकायला आलेली माणसं भलत्याच विषयाची निघतात. म्हणून चार महिने आधी पत्रव्यवहार करून आपलं पॅनेल आपणच जुळवावं. कुणाचा लेख आवडला असेल तर त्याला सरळ ईमेल लिहावा. अनोळखी माणसाच्या पत्राला इतकी उत्तरं येतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आमच्या एका पॅनेलवर फिलिपिन्सची एक शिक्षक-प्रशिक्षिका होती आणि पेरूचा एक संशोधक. फिलिपिन्सने 2012 पासून सुरुवातीच्या इयत्ता मातृभाषेतून शिकवायला घेतल्या. आधी 12 भाषा, मग 19. शंभराहून अधिक भाषांच्या त्या देशात बाकीच्या भाषांच्या मुलांचं काय, हा प्रश्न राहिलाच. शेवटी 2024 मध्ये कायदा करून ही सक्ती उठवण्यात आली. पेरूने 1975 मध्ये क्वेचुआला राजभाषेचा दर्जा दिला होता, तरी आजही अँडीजमधल्या शाळेत क्वेचुआ नीट लिहू-वाचू शकणारा शिक्षक मिळणं सोपं नाही. हे ऐकताना मेळघाटचा प्रश्न मला पहिल्यांदा पूर्ण आकारात दिसला. पुस्तक छापलं की काम झालं, असं आपल्याकडे समजलं जातं. पण पुस्तक, शिक्षक आणि बदलीचे नियम अशा तिन्ही गोष्टी एकत्र हलल्या नाहीत तर घरची भाषा वर्गात टिकत नाही. हे मी धारणीत राहून एकटीने शोधलं असतं, तर फार वर्षं लागली असती.

6. बारा मिनिटांत एकच गोष्ट

एका सत्रात चार-पाच निबंध असतात. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात. त्यात प्रबंध मावत नाही. एका वर्गातला एक प्रसंग, त्यामागची नोंद आणि त्यातून निघणारा प्रश्न, एवढंच सांगावं. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवावा, कारण आपल्याला लागणारी माणसं तिथेच हात वर करतात.

7. लहान खोल्यांत बसा

मोठ्या सभागृहातली भाषणं पुढे कधीतरी वाचायला मिळतात. राऊंड टेबलवर मात्र सहा-सात लोक असतात आणि तिथे अर्धवट, न छापलेलं काम ऐकायला मिळतं. दक्षिण आशिया गटाच्या बैठकीला हटकून जावं. लाहोर, ढाका, काठमांडूचे सहकारी एरवी आपल्याला सहजी भेटत नाहीत, तिथे ते एकाच टेबलाशी असतात.

मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम'ने 2005 पासून 'असर'च्या पाहण्यांत घरोघरी जाऊन मुलाला एक परिच्छेद वाचायला दिला. तीच पद्धत पुढे पाकिस्तानात गेली, आणि 2009 पासून 'उवेझो' या नावाने केनिया, टांझानिया, युगांडात. एका राऊंड टेबलवर पूर्व आफ्रिकेतले लोक या वाचन-चाचणीबद्दल इतक्या आपुलकीने आणि इतक्या बारकाईने बोलत होते, की आपल्याकडच्या कामाकडे मी नव्याने पाहिलं. मुलाची पहिली भाषा वेगळी असेल तर वाचता न येणं आणि भाषा न कळणं यातला फरक कसा ओळखायचा, यावर त्यांनी केलेला विचार मी वहीभर उतरवून आणला.

8. आयोजन करताना दूरच्या माणसापासून सुरुवात करा

सीआयईएसमध्ये नियोजित अध्यक्ष त्या वर्षीच्या परिषदेची आखणी करतो. त्यामुळे विषयसूत्रावर एका माणसाच्या विचाराची छाप असते आणि ते मला आवडतं. समितीने रखडत ठरवलेलं सूत्र कुणालाच हलवत नाही. आपल्याकडे 1979 पासून कम्पॅरेटिव्ह एज्युकेशन सोसायटी ऑफ इंडिया आहे, विद्यापीठांचे विभागही परिषदा भरवतात. आयोजनात मी एक गोष्ट आग्रहाने करत आले: वेळापत्रक बांधताना आधी सर्वांत लांबून येणाऱ्यांना आणि सर्वांत नवख्यांना जागा द्यायची, मग मान्यवरांना. शेवटच्या दिवशीची सकाळ पीएचडीच्या मुलांच्या माथी मारायची नाही. तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात आणि त्या मुलाने वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहिलेली असते तो असाच संपतो.

उद्घाटन लांबतं. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, प्रास्ताविक यात पहिली सकाळ जाते आणि कात्री चालते ती पुढच्या निबंधवाचनावर. मी सत्कार दुपारच्या जेवणाआधीच्या वेळात घ्यायला लावले. काही वडीलधारे नाराज झाले. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

2020 ची मायामीची परिषद करोनामुळे ऐन मार्चमध्ये ऑनलाइन न्यावी लागली. तेव्हापासून दुरून भाग घेण्याची सोय रुळली, व्हिसा न मिळालेल्यांना तिचा मोठा आधार आहे. मात्र शिकागो आणि मुंबई यांच्यात मार्चअखेरीस साडेदहा तासांचं अंतर असतं. तिथलं सकाळी नऊचं सत्र आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, दुपारी चारचं रात्री अडीचला. आशियातल्या वक्त्याला तिथल्या सकाळचीच वेळ द्यायची, एवढं आयोजकाने लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे. तसं पत्र मी प्रत्येक वेळी पाठवते, आणि बहुतेकदा वेळ बदलून मिळते.

9. परतल्यावर आधी धारणीला

विभागात अहवाल द्यावा लागतोच, पण त्याआधी मी ज्यांच्या वर्गात बसले त्या शिक्षकांना भेटते. परिषदेत त्यांच्या वर्गाबद्दल काय बोललं गेलं, हे कळण्याचा पहिला हक्क त्यांचा. पेरूत मूळनिवासी भाषा येणाऱ्या शिक्षकांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि तिच्यात त्यांची बोलण्याची व लिहिण्याची पातळी नोंदवलेली असते, असं मी सांगितलं तेव्हा गट संसाधन केंद्रातली चर्चा तासभर त्यावरच चालली. एका गुरुजींनी विचारलं, "बदलीच्या वेळी आमची कोरकू कुणी तपासतच नाही, तर शिकून उपयोग काय?" दुसऱ्या बाईंचं म्हणणं, तपासणार कोण, ते आधी सांगा. तोंडी परीक्षा पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी घ्यावी, असं तिसऱ्यांनी सुचवलं, आणि त्यावर वाद झाला.

पेरूच्या सहकाऱ्याला मी त्यांच्या तोंडी परीक्षेचा नमुना मागितला, तो आला. आम्ही त्याचं मराठीत भाषांतर करतो आहोत. कोरकू बोलणारे दोन शिक्षक त्यातले प्रश्न तपासत आहेत, आणि पुढच्या प्रस्तावावर त्यांची नावं माझ्या नावाआधी असतील.