मुलांना शिकवणं कमीपणाचं नाही

चि. ईशास,


मालिकेत दोन वाक्यांची भूमिका मिळाली आणि शाळेतल्या मुलांचं नाटक बसवायला बोलावलं, म्हणून तू खट्टू झालीस असं तुझ्या आईने सांगितलं. दोन्ही कामं तुला हलकी वाटतात. म्हणून अभिनेत्री सुलभा देशपांडेंबद्दल लिहिते.

तुझ्या पिढीला त्या 'इंग्लिश विंग्लिश' चित्रपटातल्या शशीच्या सासूबाई म्हणून ठाऊक. मोजकेच प्रसंग, पण त्या पडद्यावर आल्या की घर खरं वाटतं. 'भूमिका', 'गमन' अशा चित्रपटांतही त्या दुय्यम भूमिकांत आहेत. आणि याच बाईंनी 1967 साली नाटककार तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातली लीला बेणारे उभी केली होती. शेवटचं स्वगत तेंडुलकरांनी लिहिलं ते दिग्दर्शक आणि सुलभाताईंचे पती अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून. भोवतीची सगळी पात्रं थिजलेली आणि एकटी बेणारे बोलतेय. ऐकणारं कुणी नसताना बोलायचं, तेही रडगाणं होऊ न देता! मराठी रंगभूमीवरच्या नटीला याहून अवघड परीक्षा क्वचितच मिळाली असेल.

बेणारे शाळेत शिकवणारी आणि सुलभाताईही दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका. बेणारेचं मुलांवरचं प्रेम त्यांना बाहेरून आणावं लागलं नसणार, असं मला नेहमी वाटतं. 1971 मध्ये सुलभाताई आणि अरविंदरावांची 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू झाली. पुढे त्याच शाळेच्या छोट्याशा सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली आणि 'छबिलदास' हे एका चळवळीचं नाव झालं. मुलांसाठी सुलभाताईंनी 'आविष्कार'चा 'चंद्रशाला' हा बालनाट्य विभाग चालवला. 'दुर्गा झाली गौरी' हे नाटक तिथलंच. मुलांसाठी 'राजा रानी को चाहिए पसीना' हा चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केला. 1987 साली अरविंदराव गेले, तरी 'आविष्कार' थांबली नाही. 2016 मध्ये सुलभाताई गेल्या, तोवर कितीतरी नटनट्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

ईशा, मोठी भूमिका मिळेपर्यंत वेळ काढायचा म्हणून त्यांनी मुलांना शिकवलं नाही. मुलांसमोर खोटा आवाज लावून बघ, ती लगेच चुळबुळ करू लागतात. नटाला इतका रोखठोक प्रेक्षक दुसरीकडे मिळत नाही. दहा वर्षांच्या पोराला 'हे वाक्य तू का म्हणतोस?' असं विचारायचं, तर आधी तुझ्यापाशी उत्तर हवं. त्या दोन वाक्यांच्या भूमिकेलाही तोच प्रश्न विचार. ती बाई कुठून आली, घाईत आहे की निवांत, हे ठरवल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर जाऊ नकोस.

शाळेला आजच होकार कळव. संहिता निवडताना अडलीस तर मला फोन कर, माझ्याकडे जुनी बालनाटकं आहेत, पाठवून देईन.

तुझी,
आत्या