फोल्डरच्या तारखा जातात कुठे?

प्रश्न : शिरूरला माझा फोटो स्टुडिओ आहे, आता दौंडलाही दुकान टाकलंय. तिकडे नेण्यासाठी लग्नांचे फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी केले, तर सगळ्यांवर आजचीच तारीख! जुन्या तारखा राहतील का?

उत्तर : राहतील. विंडोजमध्ये कॉपी-पेस्ट केलं की आतल्या फोटोंची ‘मॉडिफाइड’ तारीख टिकते. फोल्डर मात्र नव्या जागी नव्याने तयार होतो, म्हणून त्यावर आजची तारीख पडते.

उपाय विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘रोबोकॉपी’ टाइप करा. पुढे मूळ फोल्डरचा पत्ता, मग नव्या जागेचा पत्ता द्या. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात घाला. शेवटी /ई आणि /डीकॉपी:डीएटी हे पर्याय इंग्रजी अक्षरांत लिहा. पहिल्याने आतले सगळे फोल्डर येतात, दुसऱ्याने त्यांच्या तारखा. आधी एकाच लग्नाच्या फोल्डरवर करून पाहा. खात्री होईपर्यंत शिरूरची मूळ प्रत पुसू नका.

मात्र पुढे फोल्डरमध्ये एखादा फोटो टाकला किंवा काढला, तरी फोल्डरची ‘मॉडिफाइड’ तारीख बदलतेच. म्हणून लग्नाची तारीख फोल्डरच्या नावातच लिहा, वर्ष आधी : 2024-02-18. नावाप्रमाणे लावले की फोल्डर आपोआप तारीखवार लागतील.